आधी खोड सांगा

"आधी खोड सांगा, मंग किंमत." विकणारा गाडीचं कौतुक सुरू करायच्या आत मामा हे वाक्य टाकायचे आणि उजव्या हाताचा तळवा बॉनेटवर ठेवायचे. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, सगळी बोटं पसरून. मग मान जराशी बाजूला वळवून थांबायचे. गाडीच आता काहीतरी बोलणार आहे आणि आपण मध्ये तोंड घालू नये, अशा बेतानं.

अंबडमध्ये जुनी गाडी घ्यायला तुम्ही कधी निघाला असाल, तर सगळा बाजार ज्यांना मामा म्हणायचा त्या या दलालाला तुम्हीही पाहिलं असेल. पांढरा पायजमा, खांद्यावर चौकड्याची दस्ती म्हणजे मोठा रुमाल, आणि बरोबर चालणाऱ्याचा कोपर धरून चालायची सवय. त्यांच्या वडिलांनी मेंढरं सोडून बैलांची दलाली धरली होती. मामांनी बैल सोडून जीप, ट्रॅक्टर आणि शेवटी कारची धरली. धंदा बदलला, रीत तीच राहिली. बैल मारतो का, औताला बसतो का, दावं तोडतो का, ही त्याची खोड विकणाऱ्यानं चारचौघांत सांगायची. किंमत मात्र चारचौघांत बोलायची नाही, ती दस्तीखाली एकमेकांची बोटं धरून ठरवायची. खोड उघडी, किंमत झाकलेली. एवढ्या कायद्यावर मामांचं सगळं चाललेलं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही लाजत. मी शाळेत गणित शिकवतो. माझ्यासारख्यानं कोणती गाडी घ्यायची हे समाजानं ठरवून ठेवलेलं असतं: पांढरी, लहान आणि गरीब स्वभावाची. मला हवी होती टर्बोवाली स्पोर्ट्स सेडान. त्यातही लाल. बायको म्हणाली, "कुठं पोचायचंय इतक्या जोरात? शाळा तर मागच्या गल्लीत आहे." मुलीनं पुण्याहून फोनवर फक्त एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" नवी परवडत नव्हती, हौस तर सुटत नव्हती, म्हणून जुनी.

टर्बो म्हणजे काय, हे मामांना मी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी उसळते. मामांनी थोडा विचार केला.

"म्हंजी धुराला बी कामाला लावलं. बराबर हाय. फुकट कशाला जाऊ द्यायचा."

मुलीनं मोबाईलवर गाडीचं साल, किलोमीटर आणि कितवा मालक हे भरून वाजवी भाव काढून पाठवला होता. तो मी त्यांना वाचून दाखवला.

"मोबाईलनं हात लावला का गाडीला?" मामा म्हणाले. "नवी केवढ्याची, किती पळाली, हे समदं खरं हाय सर. पण ही हौसेची गाडी. हिला गिऱ्हाईक एखादंच भेटतं, आन् ते भेटलं की मालकाला घाई सुटती. आपण जल्दी करायची न्हाई. हौस दिसू द्यायची न्हाई."

मी चेहरा शक्य तितका कोरडा केला आणि म्हणालो, "नाही हो, मला तर विशेष काही नाही."

"आवाजात अजून हाय," मामा म्हणाले.

गाडी जालन्याला होती, एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात. विकणारा त्यांचा मुलगा, पंचविशीतला, अर्ध्या चड्डीवर बाहेर आला. बायकोही आमच्या बरोबर होती, कारण मला एकट्याला सोडायची तिची तयारी नव्हती. मामांनी विचारलं, "खोड सांगा मालक."

"काय सांगू?"

"खोड. गाडी काय तरास देती ते."

"काहीच नाही काका. एकदम मख्खन."

मग मामांनी जी पाहणी सुरू केली, ती आठवली की अजूनही माझे कान गरम होतात. त्यांनी दाराच्या कडांवरून नख फिरवलं. ऑईलची पट्टी ओढून नाकाशी धरली. चाकाजवळ उकिडवे बसून टायर थोपटला. सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं, तेव्हा बंगल्याच्या गच्चीवरून कुणीतरी हसलं. मी उगाचच कंपाउंडमधल्या कुंड्या बघू लागलो. आरसी बुक हातात आलं, तर ते माझ्याकडे देत म्हणाले, "तुम्ही वाचा. मास्तराचा आवाज, चांगलं वाटतं ऐकायला." मी वाचलं. मनातून थोडा फुगलोही.

शेवटी मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. मी खिडकीतून आत वाकलो होतो. डायलवर बरेच दिवे लागले आणि एकेक करून विझले. एक राहिला. नारिंगी, नळाच्या तोटीसारख्या आकाराचा.

मला तो दिसला. स्वच्छ दिसला. विचारावं असं वाटलंही. पण तो पोरगा शेजारी उभा, बायको मागे उभी, आणि मामा हनुवटी वर करून थेट डायलकडेच बघत बसलेले. एवढा मोठा जाणकार समोर बघूनही गप्प आहे, म्हणजे हा दिवा असाच असणार. कदाचित स्पोर्ट्स गाडीला असतो. आपण विचारलं तर म्हणतील, सरांना एवढंही माहीत नाही. वर्गात 'शंका विचारा, लाजू नका' असं आयुष्यभर ओरडत आलेला माणूस मी. गप्प बसलो.

"इंजिन खणखणीत हाय," मामा म्हणाले आणि उतरले.

मग दस्ती. मामांनी ती खांद्यावरून काढली, त्या पोराचा हात हातात घेतला आणि वरून दस्ती टाकली. पोरानं विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. "काका, काय करताय?" बायकोनं तोंडाला पदर लावला. नेमक्या त्याच वेळी पोराची आई पाणी घेऊन बाहेर आली आणि आपल्या मुलाचा हात एक परका म्हातारा कापडाखाली चाचपतोय हे बघून तांब्यासकट दारातच थांबली. मामा शांत. "अक्खं बोट म्हंजी लाख, अर्धं म्हंजी पन्नास हजार. बिलकुल सोपं हाय," असं त्यांनी पोराला शिकवलं. पोरगं हुशार, दुसऱ्या फेरीत तयार झालं. सौदा ठरला. किंमत मी आजही कुणाला सांगत नाही. आधी रीत म्हणून सांगत नव्हतो, नंतर लाज म्हणून.

कारण महिन्याच्या आतच अंकुशनगरच्या रस्त्यावर गाडीनं मान टाकली. उसाचा हंगाम होता. पुढे उसानं भरलेली ट्रॉली, रस्ता मोकळा, शेजारी बायको. आता बघच, म्हणून मी पाय दाबला. बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज चढत गेला, एकदम थांबला, आणि आरशात निळा धूर पसरला. गाडी बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती चालत राहिली, पण अशी, की उसाची एक बैलगाडी मागून आली आणि आमच्या बाजूनं पुढे निघून गेली. वर बसलेल्या बाईनं आत वाकून बघितलं आणि आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगितलं. पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला अंबडच्या चौकातून ओढत आणलं. लाल रंग फार लांबून ओळखू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. बायको डोक्यावरून पदर घेऊन सीटवर इतकी खाली सरकली होती, की लोकांना मी एकटाच दिसत होतो.

मामा निरोप मिळताच आले. गाडी जालन्याला गॅरेजमध्ये नेली, तेव्हा हट्टानं बरोबर बसले. मेकॅनिकनं खालून वरून बघितलं, टर्बो गेल्याचं सांगितलं आणि किल्ली फिरवून विचारलं, "सर, हा इंजिनाचा दिवा कधीपासून लागून राह्यलाय?"

"घेतली तेव्हापासून," मी म्हणालो.

शेजारून मामा म्हणाले, "कोणता दिवा?"

मेकॅनिकनं बोटानं दाखवला. मामा वाकले. खूप वाकले. त्यांची नजर दिव्यापासून वीतभर लांब, स्टेअरिंगच्या मधोमध जाऊन थांबली होती. "हां," ते म्हणाले, "हां हां." आणि माझा कोपर धरला. तो कोपर ते इतके दिवस का धरत होते, हे मला तेव्हा समजलं. मी त्याला माया समजत होतो.

गॅरेजसमोर चहाच्या टपरीवर बाक होता. तिथं बसल्यावर मामांनी चहाचा कप चाचपून उचलला. मग म्हणाले, "शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झाला सर. डाक्टर म्हन्ला आता मागं फिरणार न्हाई. कडंकडंचं दिसतं, मधलंच जातं. दोन वर्स झाले."

"मग सांगायचं ना मामा."

"डोळे गेलेल्या दलालाला कोण सोबत नेतं?" त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता. "हातानं, वासानं, आवाजानं भागवून राह्यलो होतो. भागत बी होतं. आता ह्या नव्या गाड्या दिव्यानं बोलत्यात, त्याला मी काय करू. पण तुम्हाला तर दिसला व्हता ना सर?"

"दिसला होता."

"मंग?"

"मला वाटलं, तुम्ही बघितलाय."

मामांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला, बराच वेळ बघितलं. हसावं की काय करावं हे दोघांनाही कळेना. एकाला दिसत नव्हतं आणि ते सांगायची लाज, दुसऱ्याला दिसत होतं आणि ते विचारायची लाज. त्या दोन लाजांच्या मधून गाडी आरामात आमच्या अंगणात आली होती.

विकणाऱ्या पोराला मी फोन केला. तो अगदी आदबीनं बोलला. "काका, दिवा तर तुमच्या समोर चालू होता. तुम्ही त्याच्यावरून भाव पाडणार, म्हणून मी कमी करायला तयारच बसलो होतो. तुम्ही काही बोललाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालतंय." म्हणजे धडधाकट गाडीचा भाव आजारी गाडीला देऊन आम्ही वर त्याचे आभार मानून आलो होतो.

घरी मी फक्त माझी अर्धी गोष्ट सांगितली. दिवा दिसला, विचारला नाही. बायको एवढंच म्हणाली, "तुम्हाला दिसला होता?" पण ज्या आवाजात म्हणाली तो अजून घरात आहे. शाळेत, बाजारात, सगळीकडे तीच अर्धी गोष्ट पसरली. मामांची अर्धी मी गिळली. त्यांचं पोट दलालीवर होतं, माझा पगार हसण्यानं कापला जात नव्हता. वर्गात ट्यूबलाईट लावली तरी पोरं एकमेकांकडे बघायची. म्हटलं, बघू देत.

बाजाराच्या दिवशी गाड्यांचे दलाल एका हॉटेलात बसतात. मी मामांना भेटायला गेलो, तर एकानं खुर्ची सरकवत म्हटलं, "या सर, या. दिवा बघून बसा." सगळे हसले. मीही हसलो, आता सवय झाली होती.

मामांनी कप खाली ठेवला. "सरांना हसू नका," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मला दिसत न्हाई. दोन वर्सांपासून दिसत न्हाई. मी ज्यांना ज्यांना गाड्या पास करून दिल्या, त्यांनी पुन्हा कुणाला तरी दाखवून घ्या. ही माझी खोड हाय. तुमच्यासमोर सांगायची राह्यली होती, ती सांगितली."

मघाशी खुर्ची सरकवणारा माणूस आपल्या बशीतल्या चहाकडे बघत राहिला. मी मामांची झाकून ठेवलेली गोष्ट जपतोय, या गुर्मीत आठवडाभर हिंडलो होतो. ती त्यांना झाकलेली नकोच होती. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी भिंतीवरचा भावफलक वाचत बसलो.

त्यानंतर मामांना कुणी सोबत नेलं नाही. कुणी वाईट बोललं असंही नाही. रस्त्यात रामराम व्हायचा, चहा व्हायचा, आणि गाडी बघायला दुसराच कुणीतरी जायचा. दिवाळीनंतर परतूरची त्यांची मुलगी म्हणाली, आता इकडेच या. सामान एका पिशवीत मावलं. मीच सोडायला गेलो, त्याच गाडीतून. नवा टर्बो बसवला होता. त्याला किती लागले, हे बायकोलाही नीट माहीत नाही.

गाव मागे पडल्यावर मामांनी काच खाली केली. "एकदा दाबा की सर," ते म्हणाले. रस्ता मोकळा होता. मी दाबला. गाडी उसळली, मामांची पाठ सीटला टेकली, दस्ती उडून मागे गेली आणि ते लहान मुलासारखे हसले. "ह्याच्यासाठी व्हय," ते म्हणाले. "बराबर हाय. हौस खोटी न्हवती."

मग मी वेग कमी केला. थोड्या वेळानं त्यांनी उघडपणे विचारायला सुरुवात केली. पुढं काय आलं, पूल का? माणसं किती उभी हायती फाट्यावर? मी सांगत गेलो. पहिल्यांदाच ते असं विचारत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

"उजवीकडं रानात काय हाय?"

मी बघितलं. गुडघ्याच्या वर आलेलं, दाट, वाऱ्यावर हलणारं पीक होतं. तूर, हरभरा, की आणखी काही, देव जाणे.

"हिरवं आहे काहीतरी," मी म्हणालो.

मामा वाऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "सर, तुम्हाला दिसून तरी काय उपेग."