तो झोपला नव्हता

माझा मेव्हणा गाडीत झोपला म्हणून मेला, असं आमच्याकडे सोळा वर्षं सांगतात. पोलिसाच्या कागदावर तेच आहे. माझ्या गावात तेच, त्याच्या गावात तेच. हे पसरवणारा मी. बायको गेली त्याला आठ महिने झाले. घरात आता खोटं सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून खरं लिहितो.

मी ट्रक चालवायचो. धरणगावहून रुईच्या गाठी भरायच्या आणि मुंबईहून येताना लोखंडी सळया, पत्रे, मिळेल ते आणायचं. मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, पारोळ्याकडच्या खेड्यातला. अठ्ठावीस वर्षांचा गडी, स्वतःचं हेवी लायसन असलेला. बायको मागे लागली म्हणून त्याला माझ्या गाडीवर दुसरा डायव्हर घेतला. त्याचा साखरपुडा झाला होता आणि उन्हाळ्यात लग्न होतं.

ट्रकच्या केबिनमध्ये दोघांची कामं ठरलेली असतात. उजवीकडचा चालवतो, डावीकडचा बोलतो. चालवणाऱ्याला डावी बाजू दिसत नाही. म्हणून डावीकडच्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून सांगत राहायचं, येऊ द्या, जाऊ द्या, बैलगाडी आहे, थांबा. मागं टायर वाजतोय का, जळका वास येतोय का, दोर सुटला का, तेही त्यानंच बघायचं. तो गप्प बसला की गाडी एका डोळ्यानं चालली असं समजा.

हे मला काही कळत नव्हतं असं नाही. पण मी शिकलो तेच मार खाऊन. माझ्या उस्तादाला मी एकदा म्हटलं होतं, उस्ताद, गाडी डावीकडं ओढतेय. त्यानं गाडी उभी केली, मला खाली उतरवलं, माझा पंजा धरला आणि तापलेल्या सायलेन्सरवर टेकवला. कातडं चिकटून राहिलं. तो म्हणाला, गाडी कुणाची ते आता लक्षात राहील. राहिलं. तो तळवा अजून गुळगुळीत आहे, भाकरी धरली की घसरते. तेव्हाच मनात घेतलं की आपण उस्ताद झालो म्हणजे आपल्याला कुणी काही सांगणार नाही.

मेव्हण्याला मात्र बोलायची खोड. एकदा जळगावबाहेर विमानाची धावपट्टी आहे तिथं रस्त्याकडेला गाडी थंड करत बसलो होतो. एक लहानसं विमान उतरलं. तो बघत राहिला. क्लीनरला आमच्यात किन्नर म्हणतात. म्हणाला, दाजी, यात किन्नर कुठं बसतो? मी म्हटलं, किन्नर नसतो, दोन डायव्हर असतात, शेजारीशेजारी. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला,

"मग एकाचं चुकलं तर दुसरा बोलतो का?"

"बोलला तर वरूनच खाली टाकत असतील."

तो खो खो हसला. मीही हसलो.

त्या दिवशी आम्ही सळया भरून मुंबईकडून येत होतो. मालेगाव सोडल्यावर एका ढाब्यावर दुपारी जेवायला थांबलो. चार-पाच डायव्हर खाटांवर बसलेले. गोष्टी निघाल्या घाट उतरायच्या. आमच्यात तेव्हा एक मस्ती होती. उतार लागला की गिअर काढायचा आणि न्यूट्रलवर गाडी सोडायची. डिझेल वाचतं असं म्हणायचं, पण खरं म्हणजे छाती दाखवायची. मी म्हटलं, लळिंगचा घाट मी पायथ्यापर्यंत न्यूट्रलवर उतरतो, गिअरला बोट लावत नाही.

मेव्हणा ताटावरून म्हणाला, "दाजी, आज नको. सकाळपासून ब्रेक खाली लागतोय. आज गिअरमध्येच उतरू."

बाकीचे हसले. एक म्हणाला, उस्ताद, गाडी तुमची का साल्याची? दुसरा म्हणाला, बायकोच्या माहेरचा माणूस आहे, ऐकावंच लागतं.

मी उठलो. केबिनमधून टॉमी काढली, चाकाचे नट सोडवायचा तो लोखंडी दांडा. तो अजून जेवतच होता. पहिला खांद्यावर घातला. दुसऱ्याला त्यानं उजवा हात आडवा केला, तो बोटांवर बसला. ओला फाटा मोडावा तसा आवाज आला. ताट उडालं, डाळ त्याच्या तोंडावर गेली. तो ओरडला नाही. मी त्याची कॉलर धरून सगळ्यांसमोर सांगितलं, "धुळं येईस्तोवर तोंड उघडलंस तर दात घशात घालीन." डायव्हर आता हसत नव्हते. एकानं पाण्याचा जग माझ्यापुढे केला. मी हात धुतले आणि गाडीवर बसलो.

तो डावीकडे येऊन बसला. बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती, ती मांडीवर ठेवली होती. रोज घाट आला की मुंडकं बाहेर काढायचा, आज सरळ समोर बघत बसला. घाट लागला. मी गिअर काढला आणि गाडी सोडली. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडं.

दुसऱ्या वळणावर त्यानं डावा हात वर केला. मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. वारा त्याच्या बाजूनं येत होता, वास त्याला आधी आला असणार. मी ते बोट पाहिलं. मला कळलं नाही असं मी पोलिसाला सांगितलं असतं, पण मला कळलं होतं. मला वाटलं, हा अजून मलाच शिकवतोय. मी चालत्या गाडीत डाव्या हाताची उलटी थप्पड त्याच्या तोंडावर मारली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. मग त्यानं वर केलेला हात खाली घेतला आणि आपल्याच तोंडावर ठेवला. शाळेत गुरुजी हाताची घडी तोंडावर बोट म्हणतात, तसा. तसाच बसून राहिला.

पुढच्या उतारावर पाय टाकला तर ब्रेक पार तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. गिअर घालायला गेलो तर बसेना, नुसता दात खात होता. हँडब्रेक ओढला, काही झालं नाही. सळयांचं वजन मागून ढकलत होतं. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. हात तोंडावरच होता. उडी मार, एवढे दोन शब्द मी म्हणायला पाहिजे होते. त्याच्या बाजूला डोंगरापर्यंत मोकळी कड होती, दार हलकं होतं, तो वाचला असता. तोही बोलला नाही, मीही बोललो नाही. मी गाडी डोंगरात घातली. डोंगर त्याच्या बाजूला होता. हे मी विचार करून केलं की नाही ते मला आजवर सांगता येत नाही. हात आपोआप आपला जीव वाचवतात.

ट्रक थांबला, सळया थांबल्या नाहीत. केबिनचा मागचा पत्रा फाडून पुढं आल्या. माझ्या बरगड्या मोडल्या तेवढंच. त्याच्यातून तीन सळया गेल्या होत्या, एक जबड्याखालून. लोकांनी लोखंड कापून काढेस्तोवर तो जागा होता. डोळे उघडे होते. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात दिवस मावळायच्या आत गेला. बोलायला त्याला तोंडच राहिलं नव्हतं.

पोलीस खाटेपाशी आला. विचारलं, दुसरा डायव्हर काय करत होता? मी म्हटलं, जेवून झोपला होता साहेब. आपोआप तोंडातून गेलं. त्यानं लिहून घेतलं.

बायको आली ती सरळ माझ्या छातीवर मुठी मारत सुटली, मोडलेल्या बरगड्यांवरच. बायांनी तिला ओढलं. झोपला होता, हे मी तिलाही सांगितलं. ती एकदम थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

वर्षश्राद्धाची जेवणं आटोपून तिच्या माहेराहून घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही.

"तो गाडीमा कधी झोपे नही. खरं सांगा, काय झायं?"

माझ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो मी फेकून मारला. कपाळ फुटलं, कुंकवाच्या वरच. रक्त आणि कुंकू एक होऊन नाकावरून ओघळलं. तिनं पदरानं पुसलं, सांडलेलं पाणी पुसलं, तांब्या घासून जागेवर ठेवला. पुन्हा तिनं ते विचारलं नाही.

मग घरात बोलणंच बंद झालं. ती भांडत नव्हती. भाकरी वेळेवर, कपडे वेळेवर. पण सांगायची नाही काही. पीठ संपलं तर डबा उपडा करून चुलीपाशी ठेवायची, मी समजून घ्यायचं. रॉकेल संपलं तर कॅन उपडा. पाहुणे येणार असले तर मला ते दारात दिसल्यावर कळायचं. ट्रक सुटला होता, मी कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर राखणीला बसायला लागलो होतो. बाहेर लोक नाना नाना करायचे. मला वाटायचं, बायको सुधारली. तोंड चालवत नाही. खरंच असं वाटायचं, काय सांगू.

तिच्या छातीतली गाठ फुटून वास सुटला तेव्हा मला कळलं. जळका नव्हता, पण वासच. जळगावच्या डॉक्टरानं पदर बाजूला करून पाहिलं आणि माझ्यावर ओरडला, दोन वर्षांचं दुखणं आहे हे, इतके दिवस काय करत होता? मी तिच्याकडं पाहिलं. रिक्षात बसल्यावर विचारलं, का नाही सांगितलंस? मला राग आला होता. हात उठत होता, तो मांडीखाली दाबून ठेवला. ती बाहेर बघत म्हणाली,

"सांगानी सवय नही ऱ्हायनी."

चार महिन्यांत गेली. आंघोळ घालताना बायांनी कपाळ स्वच्छ पुसलं तर तांब्याचा वण वर आला, अर्ध्या चंद्रासारखा. एकीनं त्यावरच ठसठशीत कुंकू लावलं. तरी वरची कड दिसत होती.

परवा मी तिच्या माहेरी गेलो. थोरला मेव्हणा आहे अजून, पासष्टीला आलेला, त्याला सगळे आबा म्हणतात. पाणी घेतलं नाही, आधी बोललो. ढाबा, टॉमी, न्यूट्रल, त्याचा वर केलेला हात, सगळं. मला वाटलं, काठी घालील. घालावी असं वाटत होतं. त्यानं सुपारी कातरायचं थांबवलं नाही.

"आम्हले माहीत शे, पाव्हना. बठ्ठास्ले माहीत शे."

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ढाब्यावर बसलेल्या डायव्हरांत एक त्यांच्याच शिवेवरचा होता. तेराव्याच्या आत येऊन घाटावर जायच्या आधीचं सगळं सांगून गेला होता. पुढचं त्यांनी ओळखलं. माझ्या बायकोलाही तेव्हाच कळलं होतं. म्हणजे वर्षश्राद्धाला ती विचारत होती ते माहीत असूनच. मी आपल्या तोंडानं खरं म्हणतो का ते बघत होती.

मी म्हटलं, आबा, मग सोळा वर्षांत कुणी एक जण मला तोंडावर बोललं का नाही?

त्यानं वर पाहिलं आणि हसला. दात नव्हते.

"तुम्हले कोन सांगी?"

सून चहा ठेवून गेली. तो मी प्यालो. निघताना आबा म्हणाला, मला सांगून काय उपयोग, बाहेर ओट्यावर सांगा, तिथं अजून पोराचं नाव झोपाळू म्हणून घेतात. ओट्यावर चार-पाच म्हातारे उन्हाला बसले होते. मी खाली बसलो आणि सुरुवात केली. त्यातला एक कानानं अधू होता. त्यानं कानामागं हात धरला आणि म्हणाला, पाव्हना, जरा मोठ्यानं.

मी मोठ्यानं सांगितलं.