परब काकांची जुनी विंडोज

मागच्या महिन्यात मी एक शहाणपणा केला... अजून जिन्यात परब काकू दिसल्या की माझी मान खाली जाते.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहतो, परब काका-काकू आमच्या वरच्या मजल्यावर. काकांना जन्मापासून दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं, ते स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. काका त्या आवाजाला 'मास्तर' म्हणतात.

रोज सकाळी मास्तर पेपर वाचणार आणि काका ऐकणार. लाईट बिलसुद्धा काका स्वतःच भरायचे. कोणाला हाक मारायला लागू नये, एवढीच त्यांची हौस.

तर एका शनिवारी काकांनी मला बोलावलं, कारण कीबोर्डचा स्पेसबार अडकत होता. बस्स, एवढंच काम.

पण मी पडले आयटीवाली! बिल्डिंगमधले सगळे वायफाय आणि प्रिंटर माझ्याच गळ्यात. मशीन चालू केलं तर विंडोज सेव्हन... मला बघवेना. "काका, जरा साफसूफ करून देते," म्हणाले आणि बसलेच मांडी ठोकून.

काका शेजारच्या खुर्चीत चहा पीत होते. त्यांची डॉक्युमेंट्स मी नीट डी ड्राइव्हवर ठेवली, हां. मग पेनड्राइव्ह लावला आणि नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट... नवी कोरी विंडोज!

वर "बघा काका, कसं झकास झालं!" असंही म्हणाले. बघा म्हणे! काका नुसते हसले. मला मुलुंडला हळदीला जायचं होतं, मी पळाले.

पुढच्या आठवड्यात काकू जिन्यात भेटल्या. "अगं, तो कॉम्प्युटर बोलतच नाही आता. माझं आवरलं की मी पेपर वाचून दाखवते, तोपर्यंत हे नुसते बसून राहतात."

तशीच वर गेले. त्या जुन्या मशीनचा साऊंड नव्या विंडोजवर चालतच नव्हता आणि मास्तरांना तर मी जुन्या विंडोजबरोबर उडवूनच टाकलं होतं. त्या दिवशी इंटरनेट तपासलं, प्रिंटर तपासला... आवाज सोडून सगळं तपासलं. मला कुठे लागतो तो?

"काका, मला फोन का नाही केलात?" विचारलं. तर म्हणाले, "म्हटलं, तू कामात असशील." यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग मी सुरू झाले... नवं सॉफ्टवेअर टाकते, नवे स्पीकर आणते, त्यात याहून गोड आवाज मिळतो. काकांनी मध्येच थांबवलं. "नको गो. माझं होतं ते दे."

नशीब माझं! कॉम्प्युटर विकतानाच कंपनी मूळ विंडोज हार्ड डिस्कच्या एका लपलेल्या कप्प्यात ठेवून देते. तो कप्पा पुसायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. वाचले ती विसरभोळेपणामुळे, हुशारीमुळे नाही.

पण विंडोज इन्स्टॉल होताना मास्तर नसतात. काका म्हणाले, "तो काय काय विचारतो ते मोठ्याने वाच." मग मी वाचायला लागले. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला... काका उत्तर देणार, मी क्लिक करणार.

मग ती स्क्रीन आली. मी वाचलं, "सी ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?"

काकांनी विचारलं, "मागच्या वेळी पण विचारलं होतं काय गो हे?"

"हो."

"कोणाला?"

"मला," मी म्हणाले. मशीन काकांचं, काका हातभर अंतरावर बसलेले, आणि उत्तर मी परस्पर देऊन मोकळी... इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बरं. आता मला विचारलंस ना," काका म्हणाले. "दाब, हो म्हण."

मास्तरांचा सेटअप काकांनीच डी ड्राइव्हवर जपून ठेवला होता, तो टाकला. संध्याकाळी खोलीत आवाज आला तशा काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

पण मास्तर मूळचे हिंदी, त्यांना 'ळ' येत नाही. काकांनी कित्येक वर्षं एकेक मराठी शब्दाचा उच्चार टाईप करून त्यांच्याकडून घोटून घेतला होता. ती सगळी शिकवणी सी ड्राइव्हवर होती... गेली, कायमची. मी डॉक्युमेंट्स तेवढी वाचवली होती.

"मास्तर परत पहिलीत," काका म्हणाले. मी म्हटलं, मी बसून सगळे शब्द भरून देते. "तू नको," म्हणाले. "मी करतो."

हल्ली सकाळी ऑफिसला निघताना वरून ऐकू येतं. मास्तर चुकतात, मग कीबोर्डची टकटक, मग तोच शब्द परत, आता बरोबर. ऐकून बरंही वाटतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होतं.

परवा काकांचा फोन आला. "काय गो, तो स्पेसबार अजून अडकतोच आहे."

अरे देवा! ज्या कामाला बोलावलं होतं तेच राहिलं की! धावत जाऊन नवा कीबोर्ड आणला. एवढं होऊनही काकांनी परत मलाच हाक मारली, हे उपकार कसे फेडू...

वर गेले, पण हात मागे ठेवूनच उभी राहिले. "काका, जुना कीबोर्ड काढू का?"

"हं, काढ," म्हणाले. मग हात लावला.