सहाशे चाळीस शिंपल्या आणि माझं माप

माझी नोकरी लोकांचे काटे तपासण्याची. वजनमापे खात्यात एकवीस वर्षं झाली. दुकानात शिरल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "रिकामा काटा शून्यावर दाखवा." अमरावतीच्या बाजारात काही दुकानदार मला लांबून पाहूनच पारडं पुसायला घेतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या घरात आणि याच माणसाच्या हातून झालं.

आमची मुलगी कोकणात समुद्रातल्या जिवांवर संशोधन करते. वऱ्हाडातल्या पोरीनं समुद्राच्या मागं लागावं हे नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. "तिकडं करते काय ते?" असं कुणी विचारलं की तिची आई म्हणते, "शिंपल्या मोजते," आणि विषय बदलते. गेल्या दिवाळीत विषय बदलता आला नाही. पोरगी शिंपल्याच घेऊन आली. अर्धं पोतं. सहाशे चाळीस.

"सणाचं घर हाय का मच्छीबाजार?" आईनं दारातच विचारलं.

"धुतलेल्या हायेत, आई. रिकाम्या हायेत."

"नाकाले तं रिकाम्या वाटत नाईत."

पोतं गच्चीवर गेलं. शेजारची मांजर तिथंच मुक्कामाला आली.

काम असं होतं. मुलगी राहते त्या गावच्या खाडीत बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचतात आणि बाजारात विकतात. तिसरी म्हणजे शिंपलीतला जीव, कोकणात आवडीनं खातात. फार लहान तिसऱ्या वेचल्या तर त्यांना अंडी सोडायची वेळच मिळत नाही आणि खाडी हळूहळू रिकामी होते. म्हणून त्या खाडीपुरती पंचवीस मिलिमीटरची रेषा धरली होती; त्याहून लहान ती रेषेच्या आतली. बायकांच्या टोपल्यांतून मुलीनं रोज थोड्या शिंपल्या घेतल्या, साफ केल्या, प्रत्येकीला नंबर दिला. रेषेच्या आतल्या एक तृतीयांशाहून जास्त निघाल्या, म्हणजे दोनशे चौदा किंवा वर, तर पुढचा हंगामभर वेचणी बंद ठेवा अशी शिफारस जाणार होती. दिवाळीनंतरच्या सोमवारी हे आकडे त्या बायकांपुढेच मांडायचे होते.

"त्यांनीच मले चिखलात चालायला शिकवलं, बाबा," ती म्हणाली. "त्यांचं घर यावर चालते. नीट मोजजा."

मला नीट मोजा म्हणणं मी मनावर घेतलं नाही. पोरगी दमली होती.

प्रत्येक शिंपली दोघांनी मोजायची आणि एकानं दुसऱ्याचे आकडे पाहायचे नाहीत, असा तिचा नियम होता. मला तिनं मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा, पडद्यावर आकडे येणारा कॅलिपर दिला. त्याच्या दोन जबड्यांत शिंपली धरायची आणि आकडा लिहायचा. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, शेजारी चिवड्याची ताटली घेतली, जबडे मिटून शून्याचं बटण दाबलं आणि सुरू झालो. तीन दिवसांत सहाशे चाळीस. त्यांतल्या रेषेच्या आत दोनशे एकाहत्तर.

पोरीनं बेरीज पाहिली आणि शेजारी दोनशे चौदाचा आकडा लिहिला. मी म्हणालो, "आकडा म्हणजे आकडा. त्याले दया-माया नसते." हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

भाऊबीजेला बायकोचे थोरले भाऊ अकोल्याहून आले. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. तीस वर्षं त्यांनी कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढायची आणि धागा अठ्ठावीस मिलिमीटरचा की एकोणतीसचा ते सांगायचं. दुसरा मोजणारा म्हणून मुलीनं त्यांना गच्चीवर बसवलं, हातात पट्टी दिली. तासाभरानं ते चाळीस आकडे लिहून खाली आले. पट्टी वरच राहिली होती.

"दादा, तुमी मोजलं कायनं?" मी विचारलं.

"डोयानं."

"हे मोजमाप हाय, कापूस नोहे!"

"जवाईबुवा, रुई तं फुकलं का उडते. तिले मोजलं मी. हे बिचारी दगडावानी पडून हाय, हालत बी नाई."

मुलीनं दोघांचे कागद शेजारी ठेवले. माझे बावीस पूर्णांक नऊ, दादांचे चोवीस. माझे पंचवीस पूर्णांक एक, दादांचे सव्वीस. मी हसायला तयारच होतो. मग मी खाली खाली वाचत गेलो आणि हसू आवरतं घेतलं. चाळीसच्या चाळीस ओळींत दादांचा आकडा साधारण एकानं मोठा होता. अंदाज चुकतो तेव्हा कधी इकडं चुकतो, कधी तिकडं. सगळी चूक एकाच बाजूला असली तर ती माणसाची नसते, मापाची असते. हे मी नव्या निरीक्षकांना शिकवतो. त्या दिवशी मात्र मी पाणी प्यायला उठलो.

"बसा," दादा म्हणाले. "दुकानात गेल्यावर तुमी पयले काय म्हनता?"

"कोन्या दुकानात?"

"कोन्याबी."

"रिकामा काटा शून्यावर दाखवा म्हनतो."

"मंग दाखवा."

मी कॅलिपरचे जबडे मिटले. पडद्यावर आलं: उणे एक पूर्णांक शून्य.

वर गच्चीवर मांजर पोतं ओरबाडत होती. बटण दाबलं तेव्हा जबड्यांत काहीतरी अडकलेलं असणार आणि नंतर ते गळून पडलं असणार. टेबलावर दुसरं काय होतं याचा मी प्रामाणिकपणे विचार केला.

"पोह्याचा तुकडा असंन," मी म्हणालो. "चिवड्यातला."

"मापात पाप तुमचं," बायको म्हणाली, "अन् नाव माह्या चिवड्याचं?"

प्रत्येक आकड्यात एक मिळवून टाकू, अशी मी सूचना केली. मुलीनं मान हलवली. "पोहा कितव्या शिंपलीले पडला, सांगता येते?" सांगता येत नव्हतं. दादा खुशीत हसले, तशी ती त्यांच्याकडे वळली. "मामा, डोयाचं माप अहवालात चालत नाई. तुमीबी परत. पट्टीनं." दादांचा चेहरा कापूस भिजल्यावर व्यापाऱ्याचा होतो तसा झाला.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना पाठ करून बसलो. चिवडा बायकोनं कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. दर दहा शिंपल्यांनी मी जबडे मिटून शून्य पाहत होतो आणि दर वेळी पाठीमागून आवाज यायचा, "आला का, जवाईबुवा?"

रेषेच्या आत माझ्या एकशे अठ्ठ्याऐंशी निघाल्या, दादांच्या एकशे ब्याण्णव. दोनशे चौदापेक्षा दोन्ही कमी. पोरीनं दोन्ही बेरजा स्वतः तीनदा केल्या आणि मग आईच्या गळ्यात पडली. आईनं काहीच मोजलं नव्हतं, हे मी तेव्हा बोललो नाही.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. वेचणी चालू राहणार. टोपल्या घरी न्यायच्या आधी खाडीतच तिसऱ्या चाळायच्या आणि लहान असतील त्या पाण्यात सोडायच्या, हे बायकांनी मान्य केलं. पहिल्या मोजणीत काय झालं तेही तिनं त्यांना सांगून टाकलं होतं.

"सगळं?" मी विचारलं.

"पोह्यासकट. एक मावशी म्हणाली, बाबांना म्हणावं, एका पोह्यानं आमची चूल विझवत होतात."

मी तिला जेवलीस का विचारलं.

महिन्यानं तिनं अहवाल पाठवला. त्यात नावं नव्हती, फक्त 'मोजणारा अ' आणि 'मोजणारा ब' असे दोन रकाने होते. त्याच दिवशी अकोल्याहून दादांचा फोन आला.

"जवाईबुवा, मी अ हाव का ब?"

मी तक्ता पुन्हा एकदा पाहिला. अ च्या रकान्याखाली एकशे ब्याण्णव लिहिलं होतं.

"ते काई समजत नाई," मी म्हणालो, "छपाई फिकी आली."