शीबाईंची मोरी

आमच्या ऑफिसातल्या बाईंना किळस येई ती चकचकीत गोष्टींची. कॉम्प्युटरवर कोणी निळीशार नदी आणि ओळीत लावलेली हिरवी झाडं काढून दाखवली, की त्या नाक मुरडत. "शी! ही नदी बघितलीय का कुणी?" त्यामुळे पाठीमागे त्यांचं नाव शीबाई पडलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. साताऱ्यातली आमची कंपनी रस्त्यांचे, बंधाऱ्यांचे आराखडे कॉम्प्युटरवर उभे करी. त्या कामांनी आसपासच्या पाण्याचं, मातीचं, माणसांचं काय होईल, हे ठरवायला सांगलीच्या या बाई होत्या. मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर.

मला मात्र किळस येई ती आमच्या साहेबांची. दुष्काळी माण तालुक्यातल्या एका बंधाऱ्याच्या अहवालात खाडीतले खेकडे तसेच राहिले होते, कारण तो अहवाल कोकणातल्या कुठल्याशा कामावरून उतरवलेला. बाईंनी खेकडे दाखवले तर साहेब हसले. म्हणाले, वाचतंय कोण? त्या हसण्यानंतर त्यांच्या केबिनमधला चहासुद्धा मला नकोसा झाला.

बाईंची शिस्त वेगळी. मॉडेलबद्दल तोंड उघडायच्या आधी जागेवर जायचं आणि तिथली सगळ्यात घाण जागा आधी बघायची. "गटार कुठं जातं ते बघ, देऊळ नंतर," असं मला पहिल्याच दौऱ्यात त्यांनी बजावलं होतं.

उंब्रजजवळच्या एका गावाबाहेरून उंच भरावावर वळणरस्ता जायचा होता. मॉडेलमध्ये भरावाखालून एक पाणंद जात होती. तिच्यासाठी बैलगाडी जाईल एवढंच भोक ठेवलेलं. आम्ही जाऊन बघतो तर ती पाणंद नव्हतीच, ओढा होता. उन्हाळ्यात कोरडा पडला की आमच्याकडे ओढ्यातूनच गाड्या हाकतात, आणि मोजणी झालेली ऐन उन्हाळ्यात. चाकोऱ्या दिसल्या, मोजणीवाल्यांनी रस्ता लिहून टाकला. बाभळींवर खांद्याएवढ्या उंचीला चिंध्या आणि पिशव्या लटकत होत्या. गावाचं सांडपाणी तिथंच मुरत होतं. मी काठावरच थांबलो. बाईंनी मात्र उघड्या हातानं एक चिंधी सोडवली आणि मला टेप धरायला लावला. पाणी इथवर चढतं, हे मॉडेलमध्ये घाल, म्हणाल्या.

ओढ्याच्या वरच्या अंगाला बौद्धवस्ती होती. तिथली एक आजी आमचे उद्योग बघत उभी होती.

"आवं बाई, पावसाळ्यात हितनं म्हस व्हावून जाती," ती म्हणाली. "तुमी ह्यो तुंबवला तर समदी घाण आमच्या चुलीत यील."

परत येऊन मी आकडे भरले. पडद्यावर भरावामागं पाणी तुंबलं आणि वस्तीच्या घरांत शिरलं. पाणी जायला भरावाखालून मोठी मोरी बांधल्याशिवाय इलाज नव्हता. साहेबांनी ते चित्रच काढून टाकलं. मंजुरीच्या बैठकीत बरं दिसत नाही म्हणे. दुसऱ्याच्या चुलीत घाण गेलेली या माणसाला चालत होती, चित्रात दिसलेली चालत नव्हती.

बैठकीच्या दिवशी साहेब सरकारी अधिकाऱ्यांना हिरवी झाडं दाखवत असताना बाईंनी पिशवीतून ती चिंधी काढली आणि बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. अधिकारी नाकाला रुमाल लावून मागं सरकले.

"तुम्हाला इथं घटकाभर बसवत नाही," बाई म्हणाल्या. "ओढा तुंबला तर वस्तीतल्या बायकांनी यात स्वयंपाक करायचा?"

मोरी मंजूर झाली. महिन्याभरात बाईंना कामावरून काढलं, आणि त्या सांगलीला परत गेल्या.

रस्ता झाल्यावर, पावसाळा सरता सरता, गावानं सत्कार ठेवला. तो कुणाचा, तर आमच्या साहेबांचा. मोरीची कल्पना कशी सुचली, हे ते माइकवरून सांगत होते. ऐकताना मला शिसारी आली. नारळ द्यायला वस्तीतल्या त्याच आजीला वर बोलावलं. तिनं हातात नारळ घेतला आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "ती बाई कुटं हाय?"

मग मीच उठलो आणि सांगितलं, त्यांना काढून टाकलं.

आजी साहेबांसमोरून तशीच खाली उतरली आणि नारळ माझ्या हातात दिला. "तिला न्हेऊन दे बाबा."

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण नारळाला हात लावला नाही. पावसात मोरीत उतरून बघितलंस का, हे आधी विचारलं. बघितलं, म्हटलं. गाळ साठलाय, वास येतो, पण वस्तीतली घरं कोरडी राहिली.

मग त्यांनी नारळ घेतला.