बत्तीस सोळा

शुक्रवारी सकाळी अकराला नातीला घेऊन मोठ्या इस्पितळात पोचायचं होतं, आणि मंगळवार संपत आला तरी गाडीचे टायर बदलायचे की नाहीत, हे टेलरमास्तरांना ठरवता येत नव्हतं.

नात दोन महिन्यांची. तिच्या खुब्याचा सांधा नीट बसलाय का ते तपासायचं होतं. साठ किलोमीटरचा हमरस्ता, दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट. जावई बोटीवर, सहा महिने समुद्रात, म्हणजे न्यायचं मास्तरांनीच. मुलीने विचारलं होतं, "बाबा, गाडी ठीक आहे ना?" मास्तरांनी मशीनवरून मान वर न करता "ठीक आहे" म्हणून टाकलं. झालं. पोरगी लहानपणापासून दुसऱ्यांदा विचारत नसे. बाबा ठीक म्हणाले म्हणजे ठीक. आता हा एवढा विश्वास कुणी टाकला की माणसाने निदान खाली वाकून एकदा बघावं की नाही? पण मास्तर ते मास्तर.

मंगळवारी ते चाकात हवा भरायला गेले आणि तिथेच घोडं अडलं. टायरवाला उकिडवा बसला, रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाला की चारही बदला, शक्य असेल तर आजच. मास्तरांचं डोकं फिरलं. टायरची नक्षी कशी ताजी, खाचा कशा खोल! एरवी ते गाडी लांब न्यायचेच नाहीत. दुकान, बाजार आणि घर, त्यात काय झिजणार? टायरवाला वयाबद्दल काहीतरी सांगायला लागला, तर मास्तरांनी त्याला मध्येच तोडलं. टायरला कसलं आलंय वय, दाढी येते की दात पडतात? वर रुबाबात सांगितलं की माझ्या टायरचं माप बत्तीस सोळा आहे, मला पाठ आहे. टायरवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, ते माप नाही," एवढं म्हणाला, तोच मागून एक टेम्पो भोंगा वाजवत आला आणि तो तिकडे पळाला.

हे बत्तीस सोळा प्रकरण जुनं होतं. एका दंतवैद्याकडून मास्तरांनी ही वापरलेली गाडी घेतली, तेव्हा चारही चाकांभोवती रांगून त्यांनी तपासणी केली होती. टायरच्या कडेला बरेच आकडे होते, पण एका छोट्या चौकटीत ३२१६ असं सुटसुटीत कोरलेलं दिसलं, चारही चाकांवर तेच. चाळीस वर्षं छाती आणि बाही लिहिणारा माणूस चार आकड्यांत दुसरं काय बघणार? छाती बत्तीस, बाही सोळा, म्हणत स्वतःशीच हसले आणि मापाच्या वहीत लिहून ठेवलं.

घरी येऊन त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि खाचेत खुपसली. सहा मिलिमीटर. म्हणजे टायरवाला लबाड. पण लबाड म्हणावं तर त्याने दुसरं काही विकायचा प्रयत्नही केला नव्हता. आणि मास्तरांना ही भाषा आतून ठाऊक होती. किती गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं की कोट गेलाय, नवा शिवा. निम्म्या वेळा ते खरं असायचं, उरलेल्या निम्म्या वेळा दुरुस्तीचा कंटाळा. मग याचं यातलं कुठलं?

बुधवारी शेजारच्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. त्याने खाचेच्या तळाशी असलेला बारीक उंचवटा दाखवला. झिजत झिजत रबर त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला, तुमचा तर अजून कुठल्या कुठे आहे, असं त्याने छातीठोक सांगितलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याने अंगठ्याने रबर दाबलं, पुन्हा दाबलं, "जरा कडक लागतंय" असं पुटपुटला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेला. आता कडक म्हणजे चांगलं की वाईट? कॉलर कडक चांगली, भाकरी कडक वाईट. मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"अहो, कपड्यांशी बोलता तसं टायरशी बोला," बायको म्हणाली, "सांगा त्यांना, उसवू नका म्हणून."

मास्तर हसले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि नेमकी कशाची ते कळत नव्हतं. रबर त्यांनी जिवापाड जपलं होतं. दर रविवारी चारही चाकं पुसून त्यावर काळं बूटपॉलिश चढवायचे, ब्रशने घासून असं चकचकीत करायचे की गल्लीतली माणसं थांबून बघत. एवढं जपलेलं खराब होईलच कसं?

गुरुवारी दुपारी बायकोने पेटीतून एक झबलं काढलं. मुलगी जन्मली तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या हाताने शिवलेलं, पांढऱ्या तलम कापडाचं. दिसायला फार सुंदर, म्हणून एकदाच घातलेलं आणि जपून ठेवलेलं. उद्या नातीला हेच घालू, असं बायकोच्या मनात होतं. कापड पांढरंशुभ्र, एक डाग नाही, टाकान् टाका शाबूत. मास्तरांनी कौतुकाने दोन्ही खांद्यांना धरून ते उलगडलं आणि झबलं घडीच्या रेषेवर सरळ वरपासून खालपर्यंत फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"अगंबाई, वापरलंच नव्हतं की हो," बायको हळहळली.

"न वापरताच विरलं," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. पेटीतला शालू घेऊन रडत आलेल्या बायका, कपाटातला कोट घेऊन आलेले म्हातारे. झिजण्याने कापड जातं तसंच नुसतं पडून राहूनही जातं, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक असणार?

ते झबलं हातात घेऊनच खाली गेले. साबणाचं पाणी घेतलं, कपडे धुवायचा ब्रश घेतला आणि पुढच्या चाकावरचं पॉलिश खरवडायला बसले. काळं पाणी वाहत राहिलं. मग खालचं रबर दिसलं. राखाडी, आणि कडेला गोल गोल बारीक भेगा, नख जाईल एवढ्या. दुसऱ्या चाकालाही तेच, चौथ्यालाही तेच. दर रविवारी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या भेगा भरल्या होत्या आणि वर चकाकी आणली होती. मास्तरांनी कपाळाला हात लावला. हाताचं काळं कपाळाला लागलं.

शुक्रवारी सकाळी सातला ते टायरवाल्याच्या दारात उभे होते. या खेपेला मध्ये बोलले नाहीत. टायरवाल्याने त्या छोट्या चौकटीवर बोट ठेवलं. "पहिले दोन आकडे आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. सोळा सालातला बत्तिसावा आठवडा. तेव्हा हा टायर बनला. नऊ वर्षं झाली, काका. नक्षी राहते, रबर वाळतं. हमरस्त्यावर वेग घेतला, ऊन तापलं की फुटायला वेळ लागत नाही."

छाती नाही, बाही नाही. मास्तर तिथल्या बाकड्यावर बसले. आज अकराला इस्पितळात पोचायचंय, हे त्यांना आधी आठवलंच नाही. आठवलं ते दोन महिन्यांपूर्वीचं. दोन दिवसांची नात आणि टाके पडलेली मुलगी, दोघींना याच हमरस्त्याने, याच चाकांवर ते घरी घेऊन आले होते. उशीर होतोय म्हणून शेवटी वेगही वाढवला होता. वाटेत मुलगी मागे निवांत झोपली होती. चारही टायर बसवून होईपर्यंत मास्तर बाकड्यावरून उठले नाहीत.

साडेनऊला गाडी दारात आली. मुलगी बाळाला घेऊन आईबरोबर खाली उतरली, नातीच्या अंगात साधंच झबलं. तिने नेहमीच्या सवयीने विचारलं, "ठीक आहे ना, बाबा?"

नेहमीचा शब्द मास्तरांच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

"टायर नवे घातलेत. टायरवाल्याने तपासून दिलेत," ते म्हणाले. "जुने कधीच गेले होते. तुला इस्पितळातून आणलं तेव्हाही गेलेलेच होते. तू विचारलंस, आणि मी न बघता ठीक म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं गं."

मुलीने चाकांकडे बघितलं. मग तिने बाळाला आईकडे दिलं, पहिल्या चाकाशी वाकली, रबरावर अंगठा दाबला, कडेने बोट फिरवलं. मग दुसऱ्याशी गेली. एवढ्या वर्षांत तिने बापाचं काम कधी तपासलं नव्हतं. मास्तर किल्ली हातात धरून, चौथं चाक बघून होईपर्यंत, गिऱ्हाइकासारखे गप्प उभे राहिले.