ओटीतले चार दाणे

आधीच सांगते, भूतखेत, दृष्ट, बाहेरचं वगैरे प्रकार माझ्या डोक्यात जातात. वडील विज्ञानाचे शिक्षक, मी स्वतः दुबईत जेबेल अलीला एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये धान्य तपासते. ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. काही जणांना कमेंटमध्ये चांगलं झापलंही आहे... त्यांनी आता सूड उगवून घ्यावा, माझी ना नाही.

आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो – मी, नवरा नीलेश आणि आता आमची सव्वातीन वर्षांची लेक, ईरा. ही हकीकत ती पोटात होती तेव्हाची.

त्याआधी माझी दोन बाळं गेली होती. दोन्ही वेळेला पाचव्या महिन्यातच. म्हणून ईराच्या वेळी डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला होता. आई आधीच वारलेली, त्यामुळे माहेरपण वगैरे विषयच नव्हता. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर रोज एकच टेप लावायच्या – "सातवा लागलाय, निदान कुणाकडून तरी ओटी भरून घे गं." मी म्हणायचे, "आई, तांदळाने बाळ टिकत असतं तर माझ्या लॅबमध्ये पोती पडलीत." फार तोडून बोलायचे मी तेव्हा. आतून घाबरलेली होते, दुसरं काय!

नोव्हेंबरात हवा जरा बरी झाली, तेव्हा नीलेश म्हणाला, चल, तुला बाहेर काढतो. रविवारी सकाळीच निघालो. थ्री-इलेव्हन हायवेने शारजा मागे टाकलं आणि उम्म अल क्वैनच्या पुढे किनाऱ्याकडे वळलो. तिथे एक जुनी वसाहत आहे, तिचं आता म्युझियम केलंय. नाव मुद्दाम देत नाही, उगाच तिथल्या नोकरमाणसांना ताप नको. तिकीट खिडकीवरच्या फिलिपिनो मुलीने माहिती सांगितली, ती अशी. नव्वदएक वर्षांपूर्वी जगभर मंदी आली, इथल्या मोत्यांना कुणी विचारेना, बुडी मारणारे बेकार झाले. त्याच सुमाराला एका परदेशी कंपनीने किनाऱ्यावर बोटदुरुस्तीचं वर्कशॉप काढलं आणि कामगारांसाठी आखीव वसाहत बांधली. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, मधोमध विहीर. अगदी डिस्कव्हरी गार्डन्सची पणजी!

नीलेशला त्याच्या कामाच्या साइटवरून फोन आला. "यल्ला, तू पुढे हो, मी आलोच," म्हणून तो विहिरीपाशी थांबला. त्याचं "आलोच" मला माहीत आहे, मी निघाले.

पहिल्या घरात एक स्थानिक आजी पातळ रोट्या भाजत होत्या, पर्यटकांना तुकडा तुकडा देत होत्या. दुसऱ्यात एकजण जाळं विणत होता. इकडे हेरिटेज व्हिलेजमध्ये असतंच हे, पारंपरिक कपडे घालून माणसं बसवतात. गल्लीच्या टोकाचं घर खानसाम्याचं होतं. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं की हा खानसामा कोकण किनाऱ्यावरून आला होता. मला गंमत वाटली, आत गेले.

आत स्वयंपाकघर. चूल, पाटा-वरवंटा, एक बुटका पाट. आणि भिंतीशी एक बाई तांदूळ पाखडत बसलेली. सुती लुगडं, डोक्यावर पदर, हातात दोन हिरव्या बांगड्या. वय माझ्याएवढंच असेल. मी कौतुकाने बघत राहिले. मनात म्हटलं, बघा, आपल्याकडचीही बाई ठेवलीय यांनी कामाला.

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. "बस," म्हणाली. पाय सुजले होते, मी पाटावर टेकले. "कितवा?" मी म्हटलं, "सातवा." ती उठली, सुपातले तांदूळ ओंजळीने घेतले आणि माझ्यापुढे उभी राहिली. माझी ओढणी मी कधी पसरली, मला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मराठी ना तू? पदरात तांदूळ पडले आणि उमगलं नाही? अहो, पहिल्या घरात रोटीचा तुकडा मिळाला, इथे तांदूळ मिळाले, एवढंच माझ्या डोक्यात! कार्यक्रमच वाटला मला तो.

मग ती सूप माझ्यापुढे धरून उभी राहिली. नुसती वाट बघत होती. मला वाटलं, टिप हवी असेल. पर्समध्ये दहा दिरहॅमची एक नोट होती, नेलपॉलिश सांडून कोपऱ्यावर मरून रंगाचा डाग पडलेली. कुठे खपत नव्हती. तीच सुपात ठेवली. ती त्या नोटेकडे बघत राहिली... आणि तिचा चेहरा इतका पडला, इतका पडला, की मीच ओशाळले. तांदळासकट ओढणीला गाठ मारली आणि थँक यू म्हणून बाहेर सटकले.

गाडी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती माझ्याशी मराठीत बोलली होती. पहिल्या शब्दापासून. इथे अनोळखी माणूस हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये सुरुवात करतो. मी मराठी आहे हे तिला कुणी सांगितलं? नीलेश म्हणाला, "कोकणातली असेल, ओळखलं असेल तुझ्या नाकावरून." हसलो दोघं आणि विषय खलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोफ्यावर आडवी झाले होते. किचनमधून आवाज आला – सळ्ळ... सळ्ळ... आणि मग एक थाप. सुपात धान्य पाखडल्याचा. उठून बघितलं तर कुणी नाही. म्हटलं, एसीचा डक्ट असेल. पण तो आवाज सुरू झाला की पोटातली हालचाल थांबायची. एरवी ईरा दिवसभर लाथा झाडायची, आवाज आला की एकदम गप्प. दोन बाळं गमावलेल्या बाईला त्या गप्प होण्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. मेंटेनन्सवाल्याने डक्ट उघडून बघितला, काही नाही. तोवर आवाज सकाळीही यायला लागला होता. मी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाल्या, ठोके ठीक आहेत, पण हालचाल कमी झालीय, अशीच राहिली तर ॲडमिट करून घेऊ. नीलेशला तो आवाज एकदाही आला नाही. तो माझ्याकडे ज्या काळजीने बघायचा, ती काळजी बाळाची नव्हती, माझ्या डोक्याची होती.

शेवटी एका सकाळी शेजारच्या रेहानाभाभींना सांगितलं. भाभी दापोलीकडच्या, वयाने मोठ्या, मच्छीचं कालवण केलं की वाटी आमच्याकडे येणारच. त्या येऊन बसल्या आणि आवाज सुरू झाला. भाभींनी मान वळवून किचनकडे बघितलं... त्यांनाही ऐकू येत होता! मला रडूच फुटलं. निदान मी वेडी नव्हते.

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "ते तांदूळ कुठंयत?"

ओढणीची गाठ तशीच धुण्याच्या बास्केटमध्ये पडली होती. भाभींनी ती सोडली. हातसडीचे लालसर तांदूळ, तसला दाणा मी इथल्या मार्केटमध्ये पाहिलेला नाही. त्यात एक हळकुंड आणि एक सुपारी.

"अगो बाय, ही ओटी हाय. सातव्यात आमच्यातपण भरतात. चार दाणे परत टाकलेस तिच्या सुपात?"

"परत?"

"मग! ओटी घेतली की त्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे. तिचं घर रिकामं होऊ नये म्हणून. तुझ्या आईने नाही शिकवलं?"

शिकवलं असेल. मीच कधी लक्ष दिलं नाही. ती बाई सूप धरून कशासाठी उभी होती ते तेव्हा कळलं, आणि मी तिला नोट दिली होती!

त्याच सकाळी ती गाठ घेऊन भाभींच्या गाडीतून निघालो. वाटेत पोटात काहीच हलत नव्हतं. भाभी तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होत्या, आणि मी, झापणारी मी, आईला हाका मारत होते.

टोकाच्या घरात गेलो. स्वयंपाकघराला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. पलीकडे चूल, पाटा, पाट. पाटावर धुळीचा थर. सिक्युरिटीवाला मल्याळी होता, त्याला विचारलं, ही काच कधी लावली? "शुरू से है मॅडम. ये रूम खुलता नहीं." आणि इथे तांदूळ पाखडणारी बाई? "इधर कोई लेडी नहीं है. रोटीवाली अम्मा है, बस."

भाभींनी माझा दंड धरला आणि बोट दाखवलं. काचेपलीकडे, भिंतीशी ठेवलेल्या सुपात एक दहाची नोट होती. कोपऱ्यावर मरून डाग.

नोट सोडली तर सूप पूर्ण रिकामं होतं.

काचेखाली बारीक फट होती. भाभींच्या आधाराने मी खाली बसले, गाठीतले चार दाणे काढले आणि बोटाने आत सरकवले. म्हटलं, "चुकलं माझं. तुमचं घर भरलेलं राहू दे."

आणि ईराने अशी लाथ मारली की भाभींना माझ्या कुर्त्यावरून दिसली. "या अल्ला!" म्हणत त्या हसायला लागल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मी तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडले. आई गेल्यावर माझी ओटी भरायला कुणी नव्हतं. जिने भरली, तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.

आवाज पुन्हा आला नाही. ईरा दिवस भरल्यावर जन्मली, ठणठणीत. नीलेश अजून म्हणतो, डागाची नोट काय एकच असते? काच आहे हे तुझ्या लक्षात आलं नसेल, प्रेशर वाढलं होतं तुझं. असेल बाबा. पण मग बंद खोलीत नोट गेली कशी, आणि भाभींनी काय ऐकलं? उरलेले तांदूळ देवघरात डबीत आहेत. हो, देवघर आता आहे.

हे आज लिहायला बसले ते ईरामुळे. ती मराठीला इंग्लिशमध्येच उत्तर देते. हा किस्सा तिच्यासमोर आम्ही कधीही काढलेला नाही, नीलेशने तशी शपथच घातली आहे. काल तिने खायला मागितलं म्हणून मी तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मूठभर चुरमुरे घातले. तिने त्यातले चार उचलले, माझ्या हातातल्या वाटीत परत टाकले आणि मग खायला लागली.

मी विचारलं, "हे काय गं? असं कुणी शिकवलं?"

ती खाता खाता म्हणाली, "मम्मा, अदरवाइज हर हाउस विल बी एम्प्टी."

मी विचारलं, कुणाचं घर? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेंधळी आहे, आणि किचनकडे बोट दाखवलं.