हात वर केला नाही

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुमची-माझी ना ओळख ना पाळख — म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी पोलिसात आहे, शिपाई. रोज दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतो. खोटं बोलणारा मला लगेच कळतो — नको ते बारीकसारीक सांगत बसतो आणि मुद्द्यापाशी आला की पाणी मागतो. मलाही आत्ता तहान लागली आहे.

चकलांब्याचे आम्ही दोघं, मी आणि विष्णू. एकाच गल्लीतले. त्याचे आई-बाप दरवर्षी सहा महिने ऊस तोडायला जायचे, तेव्हा तो आमच्याच घरी जेवायचा. पोलीस भरतीची तयारीही आम्ही बीडला एका खोलीत राहून केली. सोळाशे मीटर पळताना तो कायम माझ्या पुढं. वर्षभर मी त्याची पाठ बघत पळालो. मधेच मान वळवून म्हणायचा, "चल बे गण्या, मेला का?" मायेनंच म्हणायचा. तरी लई राग यायचा — का यायचा, देव जाणे. त्याचं आपलं एकच होतं: यंदा भरती झाली की आई-बापाच्या हातातला कोयता सोडवायचा.

ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, महिना राहिला होता. एका रविवारी आम्ही सहा दोस्त कपिलधारला गेलतो. येताना रस्त्याकडेला नवीन पार्क दिसलं — पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्यांची लढाई. आमच्यातलं कुणीच कधी खेळलं नव्हतं. होणारे पोलीस आम्ही, बंदूक धरून बघायला नको का? मालकानं मास्क दिले आणि दोन नियम सांगितले. गोळी लागली की हात वर करून बाहेर यायचं, आणि शिट्टी होईस्तोवर मास्क काढायचा नाही.

आता आमच्या गल्लीतल्या कबड्डीला पंच कधीच नव्हता. अंगाला हात लागला की ज्यानं त्यानं आपणहून "मेलो" म्हणायचं आणि कडेला जाऊन बसायचं. लागूनही म्हटलं नाही, असं कधी झालंच नाही. विष्णू त्यातच वाढलेला. मीही.

तीन-तीन जण वाटून घेतले. शेवटी उरलो आम्ही दोघं, समोरासमोर. बाकीचे टायरांच्या थप्पीपलीकडं, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. विष्णूची गोळी माझ्या पोटावर येऊन फुटली. पिवळा रंग, हळदीसारखा. आणि मी — मी काय केलं असेल? हात वर केला असता तर तिथंच संपलं असतं. मी खाली वाकलो, मूठभर चिखल घेतला आणि रंगावर फासला.

"मेला बे गण्या!" तो ओरडला आणि उठून उभा राहिला. त्याच्या लेखी खेळ संपला होता. मास्क काढून त्यानं घाम पुसला आणि हात पसरून माझ्याकडं यायला लागला. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, मास्क काढलेला मला दिसलाच नाही. दिसला होता हो! हसत होता, दात दिसत होते त्याचे. मला एकदा, फक्त एकदा, त्याच्या पुढं जायचं होतं. मी घोडा दाबला. नेम छातीवर धरला होता — बघा, लागलोच सफाई द्यायला. खेळात मी मेलेला होतो, आणि मेल्यावर गोळी झाडली.

त्याचा उजवा डोळा गेला.

दवाखान्यात जो तो त्यालाच झापत होता. "मास्क कावून काढला बे? सांगितलं होतं ना?" विष्णूनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. वाट बघत होता — मी म्हणेन म्हणून. एकच तर शब्द होता, गल्लीत हजारदा म्हटलेला. मी नखांकडं बघत बसलो. नखांत चिखल होता आणि चिखलाखाली पिवळं. मग तोच म्हणाला, "चुकलं माझंच. ध्यान न्हाई राह्यलं."

मी भरती झालो. पळताना पुढं कुणी नव्हतं.

मला वाटायचं, एकदा तरी माझी गचांडी धरेल, आईबहिणीवरून शिव्या देईल. कसलं काय! गावी गेलो की उठून उभा राहतो. "या साहेब. कवा आलात? बसा तुमी." साहेब! आमच्यात कधी 'तुमी' होतं का? त्याची आई चहा आणून देते. म्हणते, "विष्णूचंच चुकलं बाबा, तू नगं मनाला लावून घिऊ." आणि मी तो चहा पितो. दिवसभर माझ्याभोवती माणसंच माणसं असतात, पण "बे गण्या" म्हणणारं आता कुणी नाही.

यंदा दिवाळीनंतर फाट्यावर माझी ड्युटी होती. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर चालले होते. त्यातल्या एकाला वाट द्यायला मी हात वर करून आडव्या रस्त्यावरच्या गाड्या अडवल्या. ट्रॉलीत संसाराच्या बोचक्यांवर विष्णू बसला होता, शेजारी बायको, मांडीवर फडक्यात गुंडाळलेले कोयते. आई-बाप थकले, आता तो जातो. मी त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो, म्हणून त्याला पूर्ण मान वळवावी लागली. माझ्याकडं बघितलं, मग वर केलेल्या हाताकडं बघितलं.

"राम राम, साहेब," म्हणाला.

ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाला. माझा हात वरच होता. अडवलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तेव्हा खाली घेतला.